डिस्क ब्रेकच्या सायकलला मडगार्ड: वाचकांचे प्रश्न

पावसाळा जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळाभर गिअर, सीट आणि टायरमधल्या हवेबद्दल विचारणारे वाचक मे सरला की चिखलाबद्दल विचारू लागतात. यंदा त्यात डिस्क ब्रेकची, म्हणजे चाकाच्या मध्यावर बसवलेली धातूची चकती पकडणाऱ्या ब्रेकची, भर पडली आहे. आता मध्यम किमतीच्या सायकलींनाही डिस्क ब्रेक येतात, मडगार्ड मात्र वेगळं घ्यावं लागतं, आणि ते बसवताना ब्रेक मध्ये येतो. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण त्यात विचारलेली गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. बाकीच्यांना जागा उरेल तशी.

प्रश्न: काका, नमस्कार. मी ऐरोलीला राहते आणि वागळे इस्टेटमध्ये नोकरी करते. दिघा, विटावा, कळवा पूल असा रोजचा रस्ता. सायकल हायब्रीड आहे, पुढचं चाक धरणारा चिमटा साधा, म्हणजे शॉक नसलेला. टायरवर ३८-६२२ असं लिहिलंय. दोन्ही चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. गेल्या पावसात पाठ आणि बॅग रोज चिखलाने भरायची, म्हणून यंदा पूर्ण लांबीची मडगार्ड विकत आणली. पण मडगार्डला धरणारी, पुढच्या चाकाच्या डाव्या बाजूची सळी ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला चिमटीत पकडणाऱ्या भागावर आपटते, बसतच नाही. दुकानदारांनी दोन मार्ग सांगितले. एक, डावी सळी कापून टाकायची आणि मडगार्ड उजव्या सळीवर ठेवायचं. दोन, डाव्या सळीचं टोक कॅलिपरच्याच बोल्टखाली पकडायचं. यातलं काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, दोन्हीही करू नका. सायकल अजून दुकानात असेल तर आजच घरी आणा.

आधी कॅलिपरच्या बोल्टचं सांगतो. मी वागळे इस्टेटमध्येच फिटर म्हणून नोकरी केली, त्यामुळे बोल्टखाली काय ठेवलं आहे याकडे माझी नजर आपोआप जाते. तुमच्या टायरवरच्या ३८-६२२ मधलं ३८ म्हणजे टायरची रुंदी आणि ६२२ म्हणजे रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. म्हणजे चाकाची त्रिज्या टायर धरून साधारण ३५ सेंटीमीटर आहे. डिस्क १६० मिलिमीटर व्यासाची असेल, तर कॅलिपरमधले पॅड तिला मध्यापासून साडेसात सेंटीमीटरच्या आसपास पकडतात. म्हणजे ब्रेक दाबल्यावर रस्ता टायरला जितक्या जोराने मागे खेचतो, त्याच्या साडेचार पटीहून जास्त जोर पॅडवर येतो. कळवा पुलाच्या उतारावर समोर रिक्षा आडवी आली आणि तुम्ही ब्रेक लावला. रस्त्याशी ४० किलोचा रोध झाला असेल, तर त्या इवल्याशा कॅलिपरवर १८० किलोहून जास्त ओढ येते. चाक पुढे जात असताना त्याची मागची कड वर चढते, म्हणून डिस्क कॅलिपरलाही वर खेचून न्यायला बघते. ही सगळी ओढ ६ मिलिमीटरच्या दोन बोल्टनी सांभाळायची असते. काही नव्या सायकलींत ते ५ मिलिमीटरचेही असतात.

बोल्ट हे काम कसं करतो, ते ध्यानात घ्या. तो कॅलिपरला नुसता अडकवून धरत नाही, चिमट्यावर घट्ट दाबून धरतो, आणि त्या दाबामुळे होणारं घर्षण कॅलिपरला जागचं हलू देत नाही. आता बोल्टच्या डोक्याखाली मडगार्डच्या सळीचं वळवलेलं टोक घातलं तर काय होईल? सळी गोल आहे, मऊ आहे, वर मुलामा आहे. आज घट्ट केलेला बोल्ट विटाव्यापर्यंतच्या खड्ड्यांत हादरे खात राहील, सळी थोडी चेपेल, आणि जेवढी ती चेपली तेवढा दाब कमी होईल. शिवाय सळीच्या जाडीइतके आटे कमी धरले जातील. बाहेरून काहीच दिसणार नाही. ब्रेक लागतोय असंच वाटेल, आणि एक दिवस नेमक्या गरजेच्या वेळी कॅलिपर सरकेल. म्हणून ब्रेकचे बोल्ट ब्रेकचेच राहू द्यावेत. मडगार्ड, कॅरियर, दिवा, कुलपाचा कंस, यांतलं काहीही त्यांच्यावर टांगू नये.

सळी कापायचा मार्ग तर त्याहून वाईट. एका बाजूने धरलेलं पुढचं मडगार्ड हादऱ्याने डुलू लागतं, सळीच्या मुळाशी पत्रा किंवा प्लास्टिक तडकतं, आणि मडगार्ड टायरला लागून चाकाबरोबर आत ओढलं जातं. पुढचं चाक अचानक थांबलं की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. मागचं चाक अडलं तर सायकल घसरते, पुढचं अडलं तर माणूस तोंडावर पडतो. म्हणून पुढच्या मडगार्डला दोन्ही बाजूंच्या सळ्या हव्यातच.

आता काय करायचं ते. चिमट्याच्या खालच्या टोकाला, एक्सलच्या खाचेजवळ, दोन्ही बाजूंना आटे पाडलेलं एकेक लहान भोक असेल. हायब्रीडला ते बहुतेक असतंच. त्यात ५ मिलिमीटरचा, ०.८ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) बोल्ट बसतो. उजवी सळी तिथे सरळ बसेल. डाव्या बाजूला त्या भोकापासून मडगार्डपर्यंत सरळ रेष काढली तर ती कॅलिपरच्या अंगावरून जाते. त्यामुळे सळीला कॅलिपरच्या बाहेरून जायला वाट करून द्यायची, इतकंच काम आहे. त्याचे तीन प्रकार आहेत. तुमच्यासाठी मला पहिला किंवा दुसरा पसंत आहे.

पहिला प्रकार, बुश म्हणजे बोल्टवर बसणारी जाड, पोकळ नळकांडी घालायची. भोकाच्या पातळीपासून कॅलिपरचा सगळ्यात बाहेर आलेला भाग किती पुढे आहे ते पट्टीने मोजा आणि त्यात ३-४ मिलिमीटर मिळवा. तेवढ्या लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा बुश हवा, आतून ५ मिलिमीटरचा बोल्ट जाईल असा आणि बाहेरून १०-१२ मिलिमीटर जाड. वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही लहान लेथवाल्याकडे हा पटकन कापून मिळेल. तुम्ही तर रोज तिथेच जाता. वायसरची चळत रचून बुशचं काम भागवू नका. प्रत्येक वायसर थोडा इकडेतिकडे बसतो आणि बोल्ट वाकायला लागतो. जाड बुशची तोंडं सपाट असली की बोल्ट फक्त ताणात राहतो, वाकण्याचा भार बुश घेतो. बुश २० मिलिमीटरहून लांब लागत असेल तर हा प्रकार सोडून दुसऱ्याकडे वळा.

बोल्टची लांबी ठरवताना घाई करू नका. चिमट्यात निदान ५-६ मिलिमीटर आटे धरले गेले पाहिजेत, पण बोल्टचं टोक आतल्या बाजूला बाहेर यायला नको. डाव्या बाजूला आत डिस्क आहे. टोक तिला किंवा तिच्या स्क्रूंना घासलं तर चाक फिरताना आवाज येतो, आणि तो आवाज ब्रेकचा समजून लोक ब्रेक उघडून बसतात. मागच्या चाकाला उजव्या बाजूला हीच काळजी: आत आलेलं टोक सगळ्यात लहान दातेरी चकतीवर चेन आली की चेनला लागतं. बोल्ट लांब पडला तर कानशीने घासून कमी करा आणि टोकाची धार मोडा.

बोल्ट स्टेनलेसचे घ्या. आपल्याकडे खाडीची हवा आहे. ऐरोली, कळवा, कोपरी इथे साधा मुलाम्याचा बोल्ट एका पावसाळ्यात तांबडा होतो. पण स्टेनलेसचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या चिमट्यात कोरडा घातला तर खारट दमटपणात दोन धातू एकमेकांना धरून बसतात आणि पुढच्या वर्षी बोल्ट निघता निघत नाही. आट्यांवर बोटभर ग्रीस लावा. ग्रीस लावलेला बोल्ट हादऱ्याने सैल होईल अशी भीती वाटत असेल तर ग्रीसऐवजी निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, चालेल. ते सैल होऊ देत नाही आणि आट्यांत पाणीही शिरू देत नाही. लाल रंगाचं घेऊ नका, ते कायमच्या जोडासाठी असतं.

दुसरा प्रकार, सळी वाकवायची. खर्च काहीच नाही, आणि हात बसलेल्या माणसाने केलं तर दिसायलाही छान. सळी स्टीलची असली पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमची सळी एकदा वाकवून पुन्हा सरळ केली की तिथेच मोडते. सळीवर दोन खुणा करा, एक कॅलिपरच्या खाली आणि एक वर. व्हाइसमध्ये धरून खालच्या खुणेपाशी बाहेर वळवा आणि वरच्या खुणेपाशी परत आत आणा, म्हणजे दोन्ही टोकं पूर्वीच्याच रेषेत राहतील आणि मधला भाग कॅलिपरला वळसा घालून जाईल. कोपरा काटकोनात मोडू नका, बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडी नळीवरून वळवा. स्टेनलेसची सळी सोडली की थोडी परत येते, म्हणून हव्या त्या कोनापेक्षा किंचित जास्त वळवावी. सळी गरम अजिबात करायची नाही. वळसा घेतल्यामुळे डावी सळी उजवीपेक्षा जरा आखूड पडेल. म्हणून आधी वाकवा आणि मग दोन्ही सळ्यांची जास्तीची टोकं कापा. उलट केलंत तर नवी सळी आणावी लागेल.

तिसरा प्रकार, सळी खालच्या भोकात न नेता चिमट्याच्या डाव्या पायाला, कॅलिपरच्या वर, रबर लावलेल्या क्लॅम्पने पकडायची. स्टीलच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चिमट्याला हे चालतं. कार्बनच्या चिमट्याला क्लॅम्प लावू नये, त्याचे धागे दाबाने आत चिरडतात आणि वरून कळत नाही. तुमच्या सायकलला याची गरज नाही, पण ज्यांच्या चिमट्याला भोकंच नाहीत त्यांनी हे करावं. डाव्या पायावरूनच ब्रेकची नळी खाली येते. ती क्लॅम्पखाली दबली नाही ना, हे हात फिरवून बघा.

सायकलींसाठी मडगार्ड करणाऱ्या काही कंपन्या डिस्क ब्रेकसाठी वेगळे संच विकतात. त्यांत हा बुश किंवा वळणदार सळी आधीपासून असते. नवीन घेणाऱ्यांनी ते मागावेत. तुम्ही मडगार्ड घेऊन झालेलं आहे, तेव्हा त्याच पैशांचा पुन्हा चुराडा नको.

आता मापाचं. ३८ मिलिमीटरच्या टायरला मडगार्ड निदान ४५ मिलिमीटर रुंद हवं, ५० असेल तर आणखी बरं. कमी रुंद असलं की टायरच्या कडेने उडालेलं पाणी बाहेरून तुमच्या पायांवर येतं. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये सगळीकडे १० मिलिमीटर जागा ठेवा. तुमचा रस्ता डांबरी आहे म्हणून १० पुरेत. जे रविवारी येऊरच्या तांबड्या मातीत जातात त्यांनी १५ ठेवावी, नाहीतर ती माती टायरवर चढून आत घट्ट बसते आणि चाक फिरेनासं होतं.

बसवायचा क्रम असा. आधी मडगार्ड चिमट्याच्या डोक्यापाशी असलेल्या भोकात कंसाने हलकेच अडकवा. मग दोन्ही सळ्या खाली लावा, त्याही सैलच. चाक फिरवून मडगार्ड मधोमध आणा, अंतर सारखं करा, आणि मगच सगळे बोल्ट घट्ट करा. ५ मिलिमीटरच्या बोल्टला ५ न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो. टॉर्कचा पाना नसेल तर अ‍ॅलन की आखूड बाजूने हातात धरा आणि मनगटाच्या जोराने आवळा, खांद्याचा जोर लावू नका. अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले की नवे पाडून घेणं त्रासाचं असतं. सळीची कापलेली टोकं मडगार्डच्या कडेबाहेर राहू देऊ नका, आणि त्यांवर प्लास्टिकच्या टोप्या घाला. पोटरीला लागतात.

काही चांगल्या मडगार्डांच्या पुढच्या सळ्या एका प्लास्टिकच्या चापात बसवलेल्या असतात. मडगार्डमध्ये काडी किंवा दगड अडकला तर तो चाप सुटतो आणि चाक अडत नाही. सळी सैल वाटते म्हणून तो चाप काढून तिथे नटबोल्ट ठोकणारे मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका, तो चाप सुटण्यासाठीच दिलेला आहे.

काम करताना डिस्कला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवा. कानशीचा कीस, ग्रीसचं बोट, थ्रेडलॉकरचा थेंब, यांतलं काहीही डिस्कवर गेलं नाही पाहिजे. चाक काढलंत तर पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबू नका. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मध्ये डिस्क नसताना लिव्हर दाबला की पॅड एकमेकांजवळ येऊन बसतात आणि डिस्क परत आत जात नाही. चाक बाहेर असेपर्यंत पॅडमध्ये पुठ्ठ्याचा एक तुकडा खोचून ठेवा.

आणि एक गोष्ट, जी दुकानात सहसा कुणी बघत नाही. तुमच्या पुढच्या चाकाला क्विक रिलीजचा, म्हणजे पान्याशिवाय हाताने चाक सोडवायचा दांडा असेल, तर बुश किंवा सळी बसवल्यावर तो पूर्ण बंद होतो का ते बघा. दांडा डाव्या बाजूला असेल आणि सळीवर अडून अर्धवट राहत असेल तर चाक नीट धरलेलं नाही असं समजा. दांडा उजव्या बाजूला घ्या. तिथे डिस्क नाही, कॅलिपर नाही, मोकळी जागा आहे. डिस्क तापलेली असताना बोट भाजण्याचाही प्रश्न मिटतो.

सगळं झालं की सीटवर बसा, पेडल आडवं ठेवा, पायात रोजचे बूट असू देत, आणि हँडल दोन्ही बाजूंना वळवून बघा. मडगार्ड लावल्यावर चाकाचा घेर वाढतो आणि लहान फ्रेमच्या सायकलीवर बुटाचं टोक त्याला लागू शकतं. वेगात असताना हँडल इतकं वळत नाही. पण कळवा नाक्याच्या गर्दीत हळू चालवताना ते वळतं, आणि तिथेच पाय अडतो. लागत असेल तर त्याची आधीच सवय करून घ्या, किंवा पाय पेडलवर जरा मागे ठेवा.

पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला रबराची झालर लावा. मोटारीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, दोन लहान बोल्ट, मोठे वायसर, काम झालं. जमिनीपासून आठ-दहा सेंटीमीटरवर यावी. पाठीवरचा चिखल मागचं मडगार्ड अडवतं, पण बूट आणि चेन यांना वाचवते ती ही झालर. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेलं असतं तिथून एकदा गेलात की फरक कळेल. पाणी जास्त असेल तर उतरून चालत जा, हब (चाकाचा मधला भाग) बुडवू नका.

मागच्या चाकाचं तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे तिथे अडचण आली नसावी. मागचा कॅलिपर मागच्या एक्सलपाशी जुळणाऱ्या दोन नळ्यांच्या मधल्या कोनात, आतल्या बाजूला असेल तर सळी बाहेरून मोकळी जाते. त्यांतल्या वरच्या नळीवर बसवलेला असेल तर पुढच्यासारखाच बुश लागेल.

प्रश्न: माझी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक आहे, २७.५ बाय २.१ चे टायर, पुढे १०० मिलिमीटरचा शॉक, मेकॅनिकल डिस्क ब्रेक. चिमट्याला कुठेही भोक नाही. इथल्या एका मेकॅनिकने रुंद मडगार्ड झिप-टायने शॉकच्या वरच्या भागाला, हँडलखालच्या डोक्याला बांधून दिलं. टायरपासून तीन बोटं अंतर आहे. पाम बीच रोडवर ठीक चालतं, पण गतिरोधकावर खाली काहीतरी घासल्याचा आवाज येतो. दुसरा मेकॅनिक म्हणतो, शॉकच्या खालच्या नळ्यांना भोक पाडून पक्कं बसवू.
– एक वाचक, नेरुळ

उत्तर: भोक पाडू देऊ नका. शॉकच्या खालच्या नळ्या पातळ आणि पोकळ असतात, त्यांत तेल आणि ग्रीस असतं, आणि अनेकदा त्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या असतात. भोक पडलं की पाणी आत जाईल आणि नळी तिथून चिरेल.

आवाज का येतो ते सरळ आहे. शॉकचा वरचा भाग सायकलबरोबर राहतो, खालचा चाकाबरोबर वर येतो. मडगार्ड वरच्या भागाला बांधलं आहे. शॉक १०० मिलिमीटर दबू शकतो आणि तीन बोटं म्हणजे पाच-सहा सेंटीमीटर. गतिरोधकावर शॉक त्याहून जास्त दबला की टायर मडगार्डला लागतो. म्हणून टायरजवळचं मडगार्ड फक्त खालच्या भागाला बांधायचं, म्हणजे दोन खालच्या नळ्यांना जोडणाऱ्या कमानीला. त्यासाठी लवचिक प्लास्टिकची छोटी मडगार्ड मिळतात, झिप-टायनेच बसतात, आणि चाकाबरोबर वरखाली होत असल्याने अंतर बदलत नाही. डाव्या बाजूचा झिप-टाय ब्रेकच्या केबलवरून घेऊ नका. केबल आवळली गेली की मेकॅनिकल ब्रेक अर्धवट लागून राहतो. तोंडावर उडणारा चिखल त्याने थांबेल. पाय आणि चेनसाठी फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला एक रुंद पट्टी लावा, आणि मागे सीटच्या नळीवर बसणारं लांब मडगार्ड. पूर्ण लांबीच्या मडगार्डाइतका कोरडेपणा यातून मिळणार नाही. बाराही महिने डांबरी रस्त्यावरच चालवणार असाल तर पुढची सायकल शॉक नसलेली घ्या, असं मी मनापासून सांगेन. आपल्या पावसात तीच बरी.

प्रश्न: पहिला पाऊस झाल्यापासून माझ्या डिस्क ब्रेकचा कर्कश आवाज येतो. कुणी म्हणालं, मडगार्ड लाव म्हणजे डिस्क कोरडी राहील. कुणी म्हणालं, डिस्कवर स्प्रे मार. मी स्प्रे मारला तर आता ब्रेकच लागत नाही.
– एक वाचक, खारघर

उत्तर: ब्रेक दुरुस्त होईपर्यंत सायकल चालवू नका. खारघरच्या टेकडीवर तर अजिबात नेऊ नका.

गंज सोडवणाऱ्या स्प्रेमध्ये तेल असतं. ते डिस्कवरून पॅडमध्ये मुरतं. डिस्क स्वच्छ करता येते: आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधांच्या दुकानात मिळतं, स्वच्छ कापडाने दोन्ही बाजू पुसा, कापड बदलून पुन्हा पुसा. पॅड मात्र बहुतेक वेळा बदलावे लागतात. सँडपेपरवर घासून वरचा थर काढून बघू शकता, पण तेल खोल गेलं असेल तर उपयोग होत नाही. नवे पॅड घेताना डिस्कवर काय लिहिलंय ते वाचा. फक्त रेझिन (राळेने बांधलेल्या) पॅडसाठी अशी सूचना असेल तर धातूचे पॅड घालू नका, डिस्क झिजेल. तशी सूचना नसेल तर आपल्या पावसाळ्यात धातूचे पॅड जास्त टिकतात, रेझिनचे पॅड चिखलात झपाट्याने संपतात. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, न थांबता, हळूहळू ब्रेक लावत वेग कमी करा, आणि हे वीस-एक वेळा करा. त्याशिवाय पॅड नीट पकड घेत नाहीत.

मडगार्डाने डिस्क कोरडी राहत नाही, पाऊस वरून आणि बाजूने पडतच असतो. ओल्या डिस्कचा थोडा आवाज पहिल्या एक-दोन ब्रेकनंतर जातो, त्याची काळजी करू नका. मेट्रोच्या किंवा इमारतींच्या कामाजवळून जाताना सिमेंटचा गाळ डिस्कवर बसला असेल तर मात्र घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा. तो वाळला की पॅड आणि डिस्क दोन्ही खातो.

प्रश्न: मुलाच्या २४ इंची सायकलला, डिस्क ब्रेकवाल्या, घोडबंदर रोडवरच्या दुकानातून मडगार्ड आणलं. चाकापेक्षा मडगार्डचा गोलावा मोठा आहे आणि पुढचं टोक वर उचलल्यासारखं दिसतं. चालेल का?
– एक पालक, मानपाडा

उत्तर: नाही, बदलून आणा. तुम्हाला २६ इंची मडगार्ड दिलेलं दिसतंय. टायरच्या कडेवर ५०-५०७ असा आकडा शोधा. ५०७ म्हणजे २४ इंची चाक, ५० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुकानात हा आकडाच सांगा, नुसतं चोवीस इंच म्हणू नका. मडगार्ड ६० मिलिमीटरच्या आसपास रुंद घ्या. मुलांच्या सायकलीवर लोखंडी पत्र्याऐवजी प्लास्टिकचं घ्या, पडल्यावर कड लागत नाही. डाव्या सळीचं वरच्या मोठ्या उत्तरात लिहिलं आहे तसंच करा, आणि क्विक रिलीजचा दांडा मुलगा स्वतः उघडत-मिटत असेल तर तो पूर्ण मिटलाय का, हे तुम्ही अधूनमधून बघत जा.

प्रश्न: पावसाळा संपला की मडगार्ड काढून ठेवावं का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: रोज कामाला जाणाऱ्यांनी काढू नये. टँकरने सांडलेलं पाणी आणि फुटलेल्या पाइपलाइनीचा चिखल आपल्याकडे जानेवारीतही असतो. काढायचंच असेल तर दसऱ्याला सायकल धुताना काढा, भोकांत ग्रीस लावून तेच बोल्ट परत घालून ठेवा म्हणजे आट्यांत माती जाणार नाही, आणि डाव्या बाजूचा बुश त्याच्या लांब बोल्टसकट पिशवीत घालून मडगार्डला बांधून ठेवा. जूनमध्ये बाकी सगळं सापडतं, तोच बुश सापडत नाही.